प्रकाश सापळा रिकामा, तरी भातावर तुडतुडे?

प्रश्न (मुरबाड तालुका, भात निसवण्याच्या बेतात): गेल्या आठवड्यात प्रकाश सापळ्यात तपकिरी तुडतुड्यांचा खच पडला होता, आता दोन रात्री एकही नाही. फवारणी टाळू का? आणि रातोरात एवढे येतात कुठून?

उत्तर: सापळ्यावर विसंबू नका. दिव्यावर येतो तो फक्त लांब पंखांचा तुडतुडा. याच किडीत आखूड पंखांचे प्रौढही निपजतात. ते उडू शकत नाहीत, चुडाच्या (भाताच्या रोपांच्या झुबक्याच्या) बुडाशीच रस शोषत बसतात. उडण्यात ताकद जात नसल्याने त्यांची मादी लवकर आणि जास्त अंडी घालते. त्यात चांदणी रात्र असली किंवा भिवंडीकडल्यासारखे गोदामांचे दिवे शेजारी असले की सापळ्यात कमीच पडतात.

पिल्लू असतानाच पंख लांब की आखूड हे ठरते. गर्दी झाली, भात पिकू लागले की लांब पंखांचे जास्त निघतात. शरीरातील इन्सुलिनचे दोन ग्राही (इन्सुलिनचा संदेश पकडणारी पेशीवरची प्रथिने) हे ठरवतात, असे 2015 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले. लांब पंखांचे तुडतुडे सांजवेळी वर चढतात आणि पुढचा प्रवास वारा करवतो. जपानच्या थंडीत ही कीड तगत नाही, तरी दर जून-जुलैत समुद्र ओलांडून तिथल्या भातावर उतरते. तेव्हा शेजाऱ्याने फवारले नाही म्हणून बांधावर भांडू नका. मात्र खाचरात गोल करपलेला चट्टा पडला, तर ती तुमच्याच चुडांत वाढलेली पिल्ले.

आता कामाचे. खाचरात तिरपे चालत 20 चूड पाहा. चूड वाकवून बुडाशी पाण्यावर दोन-तीन थापा मारा, पडलेले मोजा. पंख पोटाच्या टोकापलीकडे गेलेला आणि पारदर्शक, तो लांब पंखांचा. पंख निम्म्या पोटापर्यंतच आणि पोट फुगीर, ती आखूड पंखांची मादी. तिच्यासोबत पांढुरकी पिल्ले दिसली तर वीण इथेच सुरू आहे. चुडामागे सरासरी 10 भरले की फवारा. तुडतुडे खाणारे कोळी आणि हिरवे मिरिड ढेकूण भरपूर असतील तर दोन दिवस थांबून पुन्हा मोजा.

आधी पाणी काढा, तीन-चार दिवसांनी पुन्हा घ्या. निसवताना जमीन भेगाळू देऊ नका. युरियाचा हप्ता थांबवा. फवारायला पायमेट्रोझिन 50 टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळणारे दाणेदार कीटकनाशक) 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम, एकरी 200 लिटर द्रावण. नोझल खाली, बुंध्यावर. शेंड्यावर मारलेले औषध वाया जाते. तुडतुडे लगेच मरत नाहीत, खाणे थांबते. दुसऱ्या दिवशी जिवंत दिसले म्हणून पुन्हा मारू नका. काढणीला तीन आठवड्यांहून कमी उरले असतील तर हे औषध नको. सायपरमेथ्रिनसारखी औषधे तर मुळीच नकोत, मित्रकीटक मरून तुडतुडे दुपटीने उसळतात.