बारा-अकराचा हिशेब : वाचकांचे प्रश्न, एका जुन्या हूकरची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं एकाच सामन्याबद्दल आहेत. 28 ऑक्टोबर 2023 ला पॅरिसच्या स्ताद द फ्रान्सवर रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडला 12-11 असं हरवलं आणि चौथ्यांदा चषक नेला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचा साडेबाराचा ठोका पडला होता. दुसऱ्या दिवशी लखनौला भारत-इंग्लंड क्रिकेट सामना असताना इतक्या मराठी घरांत रग्बीपायी जागरण झालं, याचं मला अजून नवल वाटतंय. क्रिकेटवाल्यांनी रागावू नये, त्यांच्यासाठी या अंकात बाकीची पानं आहेतच.

प्रश्न : आफ्रिकेच्या आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड (झटापट करणारे धिप्पाड गडी) आणि एकच बॅक (मागून धावणारा). हे धाडस म्हणायचं की आडमुठेपणा? जिंकले, म्हणजे निवड बरोबरच होती ना? (पुणे)

जिंकले म्हणून बरोबर, हा न्याय माझ्याकडे चालत नाही. 73व्या मिनिटाला आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेनं हातानं पास पाडला, त्याला पिवळं कार्ड (म्हणजे दहा मिनिटं मैदानाबाहेर) मिळालं आणि न्यूझीलंडला तीन गुणांची पेनल्टी. जॉर्डी बॅरेटनं लांबून मारलेली ती किक बाहेर गेली. आत गेली असती तर 14-12 झाले असते, आणि तुम्हीच मला लिहिलं असतं की 7-1 हा शुद्ध वेडेपणा होता. निवड तीच, माणसं तीच. एका किकवर प्रशिक्षकाची अक्कल ठरवू नका.

मुळात ही 7-1 ची भानगड अपघातानं सुरू झाली. ऑगस्टमध्ये ट्विकनमला न्यूझीलंडशीच सराव सामना होता. विली ल रू ऐनवेळी बाद झाला, त्याच्या जागी क्वागा स्मिथ हा फॉरवर्ड राखीवात आला आणि आफ्रिकेनं 35-7 असा धुव्वा उडवला. तिथून त्यांना चटक लागली. पुढे साखळीत आयर्लंडविरुद्ध हाच प्रयोग केला, तेव्हा 13-8 नं हरले, हे मात्र लोक सोयीस्कर विसरतात.

त्यामागचा विचार पक्का आहे. स्क्रममध्ये (दोन्ही संघ वाकून एकमेकांना भिडतात तिथे) ढकलणारी, मॉलमध्ये (चेंडूवाल्याभोवती उभ्यानं जमलेल्या घोळक्यात) रेटणारी माणसं पन्नासाव्या मिनिटापर्यंत पिळून निघतात. तेव्हा जवळजवळ अख्खा नवा संच उतरवला, तर समोरच्याचा जीव जातो. धोका असा की बॅकमधले दोघं जखमी झाले तर संपलं. अंतिम सामन्यात स्क्रममधून चेंडू काढून देणाऱ्या फाफ द क्लार्कला राखीव स्क्रमहाफच नव्हता. त्याचा घोटा मुरगळला असता तर कडेनं धावणाऱ्या एखाद्या विंगरलाच तिथे उभं करावं लागलं असतं.

आता माझं मत. मध्यंतराला आफ्रिका 12-6 नं पुढे होती. दुसऱ्या डावात तिच्या नावावर भोपळा. कर्णधार सॅम केनच्या लाल कार्डामुळे न्यूझीलंडचे चौदाच खेळाडू मैदानात असताना, हे लक्षात घ्या. त्यांनी उलट एक ट्रायही केला : मार्क टेलेआनं अंगावर आलेल्यांना झटकून चेंडू सोडला आणि 58व्या मिनिटाला बोडेन बॅरेटनं तो रेषेपलीकडे टेकवला. म्हणजे ताज्या सात फॉरवर्डांनी आघाडी राखली, वाढवली नाही. क्वागा स्मिथनं शेवटच्या मिनिटांत जमिनीवरच्या झटापटीत चेंडूवर जे हात घातले, ते सोन्याचे. पण निवड होती चढून जाण्यासाठी, आणि ती वापरली गेली तटबंदीसाठी. निवडीला माझे पूर्ण गुण, वापराला निम्मे. असं का झालं, ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : विश्वचषकाला एकच यष्टिरक्षक घेऊन जावं, तसं आफ्रिकेनं एकच हूकर ठेवला होता. तो चार मिनिटांत जायबंदी झाला. याला नियोजन म्हणायचं का? (नाशिक)

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. मी स्वतः हूकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध उभा राहणारा आणि लाइनआउटला चेंडू टाकणारा. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात रग्बी खेळलेल्या माणसाला ओला चेंडू म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. पॅरिसलाही त्या रात्री पाऊसच होता.

आधी घडलं ते. सप्टेंबरात सरावात माल्कम मार्क्सचा गुडघा गेला. तो जगातल्या सर्वोत्तम हूकरांपैकी एक. त्याच्या जागी हूकरच बोलवायचा, असा साधा नियम कुणीही लावला असता. प्रशिक्षक जाक नीनाबर आणि रासी इरास्मस यांनी बोलावला हांद्रे पोलार्ड, म्हणजे फ्लायहाफ, खांबांमध्ये किक मारणारा माणूस. राहिला एकटा बोंगी म्बोनाम्बी. त्याच्यामागे डिऑन फुरी, वय 37. फुरी कारकिर्दीच्या सुरुवातीला हूकर होता, पुढे फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा गडी झाला. अंतिम सामन्यात सुरुवातीलाच न्यूझीलंडच्या शॅनन फ्रिझेलचं वजन म्बोनाम्बीच्या पायावर पडलं. फ्रिझेलला पिवळं कार्ड मिळालं, म्बोनाम्बी बाहेर गेला, आणि फुरीला पाऊण तासाहून कितीतरी जास्त वेळ हूकर म्हणून काढायचा होता.

स्क्रममध्ये त्यानं निभावलं. गडबड झाली ती लाइनआउटला, म्हणजे बाजूरेषेबाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत टाकतात तेव्हा, आणि ती का होते हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मीटरभराची फट असते. हूकरनं चेंडू डोक्यावरून त्या फटीतून सरळ टाकायचा. नेम माणसावर धरायचाच नाही. दोघं जण उडी मारणाऱ्याला मांड्यांना धरून वर उचलतात, तो अर्धा क्षण शेंड्यावर थांबतो, आणि चेंडू नेमका तेव्हा त्याच्या हातांपाशी पोचला पाहिजे. टाकताना समोर माणूस नसतोच, तो नंतर तिथे येतो. हा ताल महिनोन् महिने त्याच उचलणाऱ्यांबरोबर घोटून बसतो. आम्ही गोलपोस्टच्या खांबावर ठरावीक उंचीला चिंधी बांधून रोज संध्याकाळी त्यावर चेंडू टाकायचो. ओला चेंडू पुढच्या हाताच्या बोटांतून घासून सुटण्याऐवजी घसरून सुटतो, एक वीत वर जातो, आणि समोर न्यूझीलंडचे स्कॉट बॅरेट, ब्रोडी रेटॅलिक असतील तर ती वीत त्यांची.

आफ्रिकेचं बरंचसं आक्रमण पेनल्टी कोपऱ्यात मारून, लाइनआउट जिंकून, तिथून मॉल रेटत नेण्यावर चालतं. लाइनआउटच डळमळला तर ते सात धष्टपुष्ट राखीव रेटणार काय? दुसऱ्या डावातला भोपळा मला तरी इथे दिसतो.

पण मग नियोजन चुकलं का? मी म्हणतो, नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून सौदा केला होता. मार्क्सच्या जागी आलेल्या पोलार्डनं उपांत्य सामन्यात 77व्या मिनिटाला लांबून पेनल्टी मारून इंग्लंडला 16-15 नं घालवलं, आणि अंतिम सामन्यात आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण, चार पेनल्टी, त्याच्याच बुटातून आले. हूकर आणला असता तर लाइनआउट नीट झाले असते आणि बहुधा तो संघ अंतिम सामना घरी बसून पाहत असता. हूकर असूनही मी हे लिहितोय, माझे जुने साथीदार वाचून शिव्या घालतील.

प्रश्न : सॅम केनला लाल कार्ड आणि सिया कोलिसीला पिवळंच? दोघांचंही डोक्यालाच लागलं होतं. पंचांनी झुकतं माप दिलं. (ठाणे)

नाही दिलं. मैदानावर पंच वेन बार्न्सनं दोघांनाही पिवळंच दिलं होतं. पुढचा निर्णय बाहेर बसलेला अधिकारी आठ मिनिटांत चित्रफीत पाहून देतो. केन आफ्रिकेच्या जेसी क्रीलला भिडला तेव्हा ताठ उभा होता, खाली वाकायचा प्रयत्नही नव्हता. आफ्रिकेचा कोलिसी न्यूझीलंडच्या आर्डी सॅव्हीआवर आला तेव्हा धडकेचा जोर आणि धोका कमी होता. डोक्याला लागलं एवढ्यावर रंग ठरत नाही. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला केन पहिलाच, तोही कर्णधार. वाईट वाटतं, पण कार्ड रास्त होतं.

प्रश्न : मी जोहान्सबर्गला राहतो. इथे ऑफिसात अजून वाद चालू आहे. फ्लायहाफ मानी लिबॉकनं स्पर्धेत इतके सामने सुरू केले आणि शेवटी अंतिम सामन्याच्या तेवीस जणांतही नाही. हा अन्याय नाही का?

उपांत्य सामन्यात लिबॉकला 31व्या मिनिटालाच बाहेर काढलं. पहिल्या डावात खेळाडू बदलणं म्हणजे चारचौघांत अपमान, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याआधी त्याला खेळवणंही चुकीचं नव्हतं. स्कॉटलंडविरुद्ध भलतीकडे बघत त्यानं कर्ट-ली अरेंड्सेला जी किक दिली, ती पोलार्डच्या स्वप्नातही येणार नाही. मोकळं मैदान, वेगवान चेंडू, तिथे लिबॉकच. आयर्लंडविरुद्ध मात्र त्याच्या आणि द क्लार्कच्या मिळून खांबांमध्ये मारायच्या किक चुकल्या, अकरा गुण पाण्यात गेले, आणि सामना पाच गुणांनी हरले. अंतिम सामना पावसात, तीन-तीन गुणांनी पुढे सरकणार हे उघड होतं. त्या सामन्याला पोलार्डच.

माझा आक्षेप वेगळा आहे. 7-1 ठरवल्यावर लिबॉकला जागाच उरली नाही. पोलार्डला काही झालं असतं तर किक कोण मारणार होतं? तुमच्या ऑफिसातला वाद न्यायाच्या अंगानं न नेता या अंगानं न्या, जास्त रंगेल.

प्रश्न : सामनावीर पीटर-स्टेफ द टोइट, पण मला सॅव्हीआ उजवा वाटला. तुम्ही दहापैकी किती गुण द्याल? (रत्नागिरी)

दहापैकी गुण देण्याचा धंदा मी करत नाही. स्क्रम पेलणाऱ्या प्रॉपला आणि विंगरला एकाच पट्टीनं मोजणं हा विनोद आहे. सॅव्हीआ दुसऱ्या दिवशी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तुमची नजर वाईट नाही. पण द टोइटनं 28 टॅकल केले, म्हणजे तितक्यांदा चेंडूवाल्याला धरून पाडलं, त्यातले कितीतरी जॉर्डी बॅरेटला मागे फेकणारे.

एक सांगतो, करून बघा. सामना पुन्हा लावा आणि दहा मिनिटं चेंडू बघायचाच नाही, फक्त एक माणूस. टॅकल करून तो जमिनीवरून उठायला किती वेळ घेतो, उठल्यावर कुठे जातो, एवढंच बघा. द टोइट उठतो आणि लगेच बचावाच्या रांगेत, पुढच्या टॅकलच्या जागी उभा असतो. टॅकलची संख्या तक्त्यात सापडते, हे सापडत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. निवड चाचणीच्या सामन्यात सगळ्यात जास्त टॅकल मी केले, तरी माझं नाव यादीत नाही. सरांना विचारायची भीती वाटते. (सातारा)

विचार. पण "मला का नाही घेतलं" असं विचारू नकोस. त्याला प्रत्येक निवडकर्त्याकडे तयार उत्तर असतं. असं विचार : "सर, माझ्या जागेवर जी आली, ती काय करते जे मी करत नाही?" मग सरांना खरंच विचार करून बोलावं लागेल.

जाण्याआधी स्वतः थोडं तपास. जास्त टॅकल म्हणजे कधी कधी चेंडू सारखा तुझ्याच बाजूनं येत होता, आणि तो का येत होता, हा प्रश्न उरतो. तुझ्या बाजूला फट दिसत होती का? टॅकल झाल्यावर समोरची मुलगी दोन पावलं पुढे जाऊन पडत होती की मागे? कुणी मोबाइलवर सामना टिपला असेल तर मागून घे. सरांनी एखादी गोष्ट सांगितली, तर तेवढ्या एकाच गोष्टीवर महिनाभर काम कर आणि पुढच्या चाचणीच्या आधी त्यांना ती करून दाखव. काहीच सांगितलं नाही, तर मला पुन्हा लिही, आणि सोबत तू कोणत्या जागेवर खेळतेस तेही कळव. ते लिहायला विसरली आहेस.