जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत लाइव्ह वाजवताना लॅपटॉपवर काय ठेवावं आणि हातानं काय वाजवावं?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मुंबईतले पाच जण आहात. कीबोर्ड, व्हायोलिन, बासरी, तबला आणि ऑक्टोपॅड. कॉलेजच्या फेस्टला जुन्या गेमच्या संगीताचा वीस मिनिटांचा सेट करायचाय. लॅपटॉपवर मूळ ट्रॅक लावून त्यावर वाजवायचं की सगळं हातानंच, यावरून तुमच्यात दोन तट पडलेत.

दोन्ही तट बाजूला ठेवा. मूळ ट्रॅक लावून वर वाजवलं की ते कराओके होतं आणि प्रेक्षक वादकांकडे बघायचं सोडून देतात. सगळं हातानं वाजवलं तर पाच जणांचं फ्यूजन होतं, गेम हरवतो. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते, अरेंजिंग करते, गेमच्या संगीताचे सेटही बसवलेत. माझा नियम एकच. ट्यूनमधली एकेक ओळ सुटी करायची, प्रत्येक ओळ एकाच मालकाला द्यायची, मग तो माणूस असो की यंत्र, आणि माणूस जी ओळ वाजवतो ती लॅपटॉपमधून पुसून टाकायची. ‘आधाराला मागे हळू असू दे’ असं कुणीतरी म्हणेल. नसू दे. मागे आधार असला की व्हायोलिनवाला जोर लावत नाही.

ओळी सुट्या करणं वाटतं तितकं अवघड नाही, कारण त्या मुळातच मोजक्या आहेत. नव्वदीत आपल्याकडे पिवळ्या कॅसेटचा जो टीव्ही गेम असायचा, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. फॅमिकॉमच्या चिपवर आवाजाचे पाच चॅनल, म्हणजे एका वेळी एकच आवाज काढणाऱ्या पाच वाटा: दोन पल्स (टोकदार, झणझणीत सूर), एक ट्रँगल (मऊ, खालचा सूर), एक नॉइज (नुसती खरखर) आणि एक छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा. निन्टेन्डोचे संगीतकार कोजी कोंडो यांनी १९८५ साली सुपर मारिओ ब्रदर्सचं संगीत एवढ्यातच बसवलं. त्यातून गेममधले आवाजही याच चॅनलवरून जायचे, म्हणजे मारिओनं उडी मारली की संगीतातला एक पल्स तेवढ्यापुरता गप्प. इतक्या काटकसरीत लिहिलेली चाल तुमच्या प्रेक्षकांच्या डोक्यात तशीच बसलीय. तिच्यावर स्ट्रिंग्जचा थर, पॅड, झांजा असं चढवत गेलात की ओळखीची चाल हळूहळू परकी वाटायला लागते. टोकियोत १९८७ सालीच ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेमचं संगीत कॉन्सर्ट हॉलमध्ये वाजलं आणि तिथून भरगच्च सिम्फनीची वाट पडली. ती वाट उत्तमच आहे, पण तिला साठ-सत्तर माणसं लागतात. तुम्ही पाच, चॅनल पाच. योगायोगाचा फायदा घ्या.

फॅमिट्रॅकरसारख्या, फॅमिकॉमचं संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एनएसएफ फाईल (गेममधून काढलेलं मूळ संगीत) वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये एकेक चॅनल म्यूट करून ऐकता येतो. नेटवरच्या तयार मिडी फाईलवर (कुठला सूर कधी वाजवायचा एवढंच लिहिलेली फाईल) विसंबू नका. कुणीतरी घाईत कानानं उतरवलेल्या असतात, बासचा सप्तक चुकलेला असतो आणि दुसऱ्या पल्सची ओळ तर अनेकदा गायबच असते. स्वतः उतरवा. व्हायोलिनवाल्याला स्टाफ नोटेशन लागेल, बासरीवाल्याला सरगम. दोन्ही लिहून द्या, वर बारचे नंबर सारखे टाका.

आता वाटणी. पहिला पल्स म्हणजे मुख्य चाल, ती व्हायोलिनला. इथे एक गोष्ट नीट ऐका. चिपच्या लांब सुरावर कंप असतो तेव्हा बऱ्याचदा तो लगेच सुरू होत नाही; सूर आधी सरळ लागतो, मग थोड्या वेळानं हलायला लागतो. व्हायोलिनवाल्याला एवढंच सांगा, सूर सरळ लाव, कंप उशिरा दे. निम्मं काम तिथेच होतं. आपल्याकडे शिकलेल्या हाताला दोन सुरांमध्ये मींड घ्यायची सवय असते, ती पहिल्या आवर्तनात कटाक्षानं बंद. चाल एकदा सरळ ऐकवलीत की दुसऱ्या वेळेला हवी तेवढी मींड घ्या, लोक तिथेच टाळ्या देतात.

दुसरा पल्स कधी सोबतीचा सूर धरतो, कधी पहिल्याचा प्रतिध्वनी होतो. तो बासरीला किंवा कीबोर्डच्या उजव्या हाताला. पण ‘गरगर’ वाजणारे कॉर्ड आले की थांबा. चिपला एका चॅनलवर एकाच वेळी तीन सूर वाजवता येत नाहीत, म्हणून ती ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा आलटून पालटून वाजवते. ते कुठल्याच हाताचं काम नाही. ही ओळ लॅपटॉपची, हक्कानं. संतूरवर करून बघू असा मोह कुणाला झाला तर वेळेवर आवरा.

ट्रँगल म्हणजे बास, आणि नव्या ग्रुपचं गणित बहुतेक इथेच फिसकटतं. या चॅनलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही; सूर एकतर चालू, नाहीतर बंद. बास गिटारचा सूर छेडल्यावर विरत जातो, इथे तो सपाट राहतो आणि कापल्यासारखा थांबतो. त्यामुळे बास कीबोर्डच्या डाव्या हातानं वाजवा, आवाज सिंथचा ठेवा. वायएमसीके या जपानी बँडचं मॅजिकल एटबिट प्लग नावाचं फुकट प्लगिन (लॅपटॉपमध्ये चिपचे आवाज काढणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यातला ट्रँगल घ्या आणि सूर सोडताना बोट झटकन उचला. बऱ्याच गेममध्ये याच ट्रँगलचा सूर झरकन खाली घसरवून ढोलाचा आवाज काढलेला असतो. ती जागा तुमच्या तबलजीची. डग्ग्यावर मनगट सरकवून तो जे करतो त्याला यापेक्षा चांगलं काम मिळणार नाही.

नॉइज चॅनल ऑक्टोपॅडला. पॅडमधले तयार ड्रम वापरू नका, फार गोल आणि मोठे वाजतात. नॉइजचे छोटे, कोरडे आवाज हवेत. ऑक्टोपॅडचं एसपीडी-एसएक्स मॉडेल असेल तर सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, थेट भरा. ऑर्केस्ट्रात सगळीकडे दिसणारं जुनं एसपीडी-२० असेल तर त्यात बाहेरचं सॅम्पल भरता येत नाही, तेव्हा त्याची मिडी आउट लॅपटॉपला जोडा आणि आवाज तिथून काढा. मग ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या डब्याचा) बफर, म्हणजे बाहेर पडण्याआधी आवाज जिथे साठतो ती जागा, तपासा. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे नुसता त्याचाच साडेअकरा मिलिसेकंद उशीर, आणि काठीनं वाजवणाऱ्याला तो लगेच कळतो. १२८ वर आणलात तर तीनच्या आत येतो. मारिओच्या नाण्याचा आवाजही एका पॅडवर ठेवा, बी आणि वरचा ई असे दोनच सूर आहेत. सेटमध्ये एकदाच वाजवा. दुसऱ्यांदा कुणी हसत नाही.

विचारलं नाहीत तरी एक सुचवते: बेंजो घ्या, आपला बटणांचा, बुलबुल तरंगाच्या जातीचा. लालबाग, परळ, गिरगावात गणपतीत बेंजो पथकं ऐकलीच असतील, पिकअप लावलेला, थेट अँपमधून वाजणारा तो खणखणीत आवाज. माझ्या कानाला पल्स वेव्हच्या इतकं जवळचं दुसरं हातानं वाजवायचं वाद्य नाही. बटणं असल्यामुळे सूर नेमका लागतो, मींडीचा प्रश्न येत नाही, आणि वेगात तर ही मंडळी कुणाला ऐकत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स आणि हाताचं वाद्य एकत्र कसं वाजवायचं हे आपल्या शहराला नवं नाही. रस्त्यावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो आणि कच्छी ढोल एका टेम्पोवर चढवणारी माणसं कधीपासून हेच करतायत. फ्यूजनवाल्यांनी यांच्याकडे जरा कमी नाक मुरडलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली ट्यून कुठली? मारिओ नको. चालीत अर्ध्या सुरांच्या उड्या इतक्या आहेत की बासरीवर भोकं अर्धी झाकून त्या वेगात ती घेताना चांगल्या वादकाचीही दमछाक होते. गेम बॉयवरच्या १९८९ च्या टेट्रिसची ओळखीची धून घ्या. मूळ ‘कोरोबेनिकी’ ही रशियन लोकधून. गेम बॉयला तर चारच चॅनल. ‘पांढरी सहा’ला (कीबोर्डवरचा ए) सा धरलात तर पहिल्या भागात ग, ध, नी कोमल, म्हणजे सरळ आसावरी थाटाचे सूर. दुसऱ्या भागात चाल एकदम लांब सुरांवर येते आणि शुद्ध नी डोकावतो. पहिला, धावता भाग व्हायोलिन किंवा बेंजोला आणि दुसरा बासरीला, ही वाटणी चालीनंच करून ठेवलीय. बासरीवाल्याकडे त्या पट्टीची बासरी आहे का हे आधी विचारा. नसेल तर बाकीच्यांनी त्याच्या पट्टीवर यावं. लॅपटॉपला पट्टी बदलायला एक क्लिक पुरते.

लय बांधताना एक खुबी कळली पाहिजे. जुन्या मशीनवर संगीत टीव्हीच्या चित्राबरोबर पुढे सरकायचं, सेकंदाला साधारण ६० फ्रेम. सुराची लांबी फ्रेममध्ये मोजलेली, तीही पूर्णांकात. पाव मात्रा ६ फ्रेमची असेल तर मात्रा २४ फ्रेमची आणि टेम्पो मिनिटाला १५० मात्रा. पण ७ फ्रेमची असेल तर १२८.५७ असा विचित्र आकडा येतो. लोक अंदाजानं १२८ किंवा १२९ टाकतात आणि मूळ तुकडा लॅपटॉपवर ठेवला असेल तर दोन मिनिटांत सगळं घसरतं. फाईल ५० हर्ट्झच्या पाल मशीनची (सेकंदाला ५० फ्रेमवाली टीव्ही पद्धत) असेल तर हिशेब पुन्हा वेगळा: तीच २४ फ्रेमची मात्रा १२५ वर येते. आकडा काढून मगच क्लिक, म्हणजे कानात लय देणारी टिकटिक, बनवा.

मग येतो शेवट. गेमची धून खेळणारा हरेपर्यंत फिरत राहते, तिला शेवट दिलेलाच नसतो, आणि स्टेजवर आवाज हळूहळू कमी करत संपवणं फार केविलवाणं दिसतं. आपल्याकडे यावर तयार औषध आहे: तिहाई. सोळा मात्रांचं आवर्तन धरा. चालीतला पाच मात्रांचा तुकडा घ्या, मध्ये एक मात्रा थांबा, असं तीनदा: ५, १, ५, १, ५ मिळून १७. समेवर सुरू केलंत की सतरावी मात्रा बरोबर पुढची सम. टेट्रिसची पहिली ओळ यासाठी छान कापता येते. तिहाई सुरू झाली की लॅपटॉप पूर्ण बंद, क्लिकसुद्धा. पाचही जणांनी एकमेकांकडे बघून ती वाजवायची आणि शेवटच्या ‘धा’वर ऑक्टोपॅडवाल्यानं नॉइजचा एक फटका द्यायचा. तालमीचा निम्मा वेळ याला द्या. चाल तर सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहे.

वायरिंग स्वस्तात होतं. फॅमिकॉमचा आवाज मुळात मोनो, म्हणून स्टिरिओचा हट्ट सोडा. ट्रॅक उजव्या चॅनलवर, क्लिक डाव्यावर. डावा ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात, उजवा मिक्सरला. क्लिक एकाच्याच कानात असू द्या, बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे बघावं. हॉलचं अर्थिंग खराब असलं की लॅपटॉपमधून घूं घूं येतं; लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स लावा, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंग तोडायचं) बटण दाबा, तरी राहिलं तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. साउंडवाल्या दादांना आधीच सांगा की पल्सचा आवाज मोठ्या स्पीकरवर कानात टोचतो, तो व्हायोलिनच्या खालीच ठेवा. कार्यक्रम उघड्यावर असेल तर दहाच्या आत तुमचा नंबर लागेल ना हे आयोजकांना विचारून घ्या, दहानंतर स्पीकर बंद होतात आणि शेवटचा ग्रुप नेहमी यात सापडतो.

परवानगीचं राहिलं. लाइव्ह वाजवायला संगीताच्या सार्वजनिक सादरीकरणाचं लायसन्स लागतं, आपल्याकडे ते आयपीआरएस ही संगीतकार-गीतकारांच्या हक्कांची संस्था देते आणि सहसा आयोजक काढतात. पण तुमच्या यादीतल्या गेमचं संगीत त्यांच्या कक्षेत येतं का हे गाण्यागणिक विचारावं लागेल. नसेल तर हक्क असलेल्या कंपनीला मेल करा. कोरोबेनिकीची लोकधून कुणाच्या मालकीची नाही, गेम बॉयमधली तिची मांडणी मात्र तशी मोकळी नाही. टेट्रिससाठी बासची आणि सोबतीची ओळ तुमची तुम्ही नव्यानं लिहा. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं असेल तर ती परवानगी वेगळी, स्टेजच्या लायसन्समध्ये ती धरू नका.