आबांचं जानेवारीचं पान

प्रिय सई,

काल रात्री दात घासता घासता तू विचारलंस, "आई, आम्ही हरलो ती तारीख आबांनी कॅलेंडरवर का लिहून ठेवलीय?" मी म्हटलं, झोप आता, उद्या सांगते. मग आपला करार आठवला: मोठ्या प्रश्नाचं उत्तर पत्रातून, म्हणजे तुझं मराठी वाचनही होतं. तर हे घे. जोडाक्षर अडलं तर बाबाला विचार, पण अख्खं पत्र त्याच्याकडून वाचून घ्यायचं नाही.

आधी तुझं ते 'आम्ही'. मराठीत 'आम्ही' म्हटलं की त्यात ऐकणारा नसतो. तू मला "आम्ही हरलो" म्हणालीस, म्हणजे हरलेल्यांत तू आहेस आणि मी नाही. मी बहुतेक पानिपतात समोर उभ्या असलेल्या अब्दालीच्या छावणीतली. तुला म्हणायचं होतं 'आपण'. जर्मनमध्ये दोन्हीला मिळून एकच 'वीर' आहे (मराठीत वीर म्हणजे शूर माणूस, ही गंमत वेगळीच), त्यामुळे तुझी गल्लत होते. चूक एवढीशीच. पण रात्री पडल्या पडल्या मला वाटायला लागलं, की आबांच्या त्या पानावर खरा प्रश्न हाच आहे. तिकडे येतेच.

कालनिर्णय दर डिसेंबरात सांगलीहून येतं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबर लावून. बाकीच्या महिन्यांत आबा फारसं काही लिहीत नाहीत. जानेवारी मात्र निळ्या पेनाने भरलेला असतो. १ ला 'कोरेगाव १८१८'. ३ ला 'सावित्रीबाई, नायगाव १८३१'. ६ ला 'दर्पण १८३२', म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं तो दिवस. त्यात एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी असायचं, थोडक्यात तुझ्यासारखंच. १० ला 'दत्ताजी, बुराडी १७६०'. १२ ला 'जिजाऊ, सिंदखेडराजा १५९८'. १४ च्या चौकोनात तर अक्षर बारीक करून दोन नोंदी कोंबल्यात. १६ ला 'संभाजी महाराज, राज्याभिषेक १६८१'. आणि १३ ला, भोगीच्या चौकोनात, आजीची पेन्सिल: 'तीळ भाजताना झाकण ठेवणे. मागच्या वेळी उडाले.' तीही ऐतिहासिक नोंदच समज.

तुझा प्रश्न १४ बद्दल होता. 'पानिपत १७६१'.

तुला माहीत आहे त्यापेक्षा जरा जास्त सांगते. त्या दिवशी बुधवार होता. मराठ्यांचं सैन्य तोवर अडीच महिने पानिपतात अडकून पडलं होतं. अफगाणिस्तानातून आलेल्या अहमदशहा अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीचा रस्ता तोडला होता, त्यामुळे दक्षिणेकडून ना धान्य येत होतं, ना पैसा. सैन्याबरोबर यात्रेकरू होते, बायका होत्या, पोरं होती. काशी-मथुरा घडेल म्हणून फौजेच्या आधाराने निघालेली माणसं ती. थंडी तुला कळते, पण ती हीटरवाली. तिकडे उघड्यावर, जनावरं चाऱ्याविना पडत होती. शेवटी सरदार सेनापती सदाशिवरावभाऊंकडे गेले आणि म्हणाले, भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू.

सकाळी लढाई सुरू झाली आणि दुपारपर्यंत ती आपल्या हातात होती. हे मी अभिमानाने फुगवून सांगत नाही, खरंच होती. इब्राहिमखान गारदीच्या तोफांनी समोरची एक बाजू पार मोडून काढली होती. मग पेशव्यांचा मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला. अठरा वर्षांचा होता. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. लांबून लोकांना दिसली ती नुसती रिकामी अंबारी. भाऊ गेले, असं झालं आणि सैन्य उधळलं.

पेशवे नानासाहेब तेव्हा मदत घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराची चिठ्ठी पडली, असं सांगतात. तिच्यात लढाईचं नावसुद्धा नव्हतं. मजकूर असा: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. खुर्दा म्हणजे सुट्टी नाणी, तुझ्या डबीतले सेंट. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे. मी तुझ्याएवढी असताना आबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला मोत्यांचं वाईट वाटलं होतं. आता खुर्द्याचं वाटतं. बायकांच्या बाजूने याच गोष्टीला म्हणतात, 'लाख बांगडी फुटली'. नानासाहेब त्यातून सावरले नाहीत. त्याच जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर गेले.

आता हे का लिहून ठेवायचं? आबांनी लिहिलं नसतं तरी फरक पडला नसता, कारण ही तारीख बोलण्यात मुरलेली आहे. कुठल्याही मोठ्या फजितीला आपण 'पानिपत झालं' म्हणतो. मला सातवीत गणिताच्या चाचणीत पन्नासपैकी नऊ मिळाले होते. (हे बाबाला माहीत नाही. वाचलं असशील तर शप्पथ.) आबा तारांच्या खांबावर काम करून दमून आले होते. त्यांनी पेपर बघितला, उलटा करून पुन्हा बघितला आणि म्हणाले, "पानिपत झालं म्हणायचं. असू दे. दहा वर्षांत परत दिल्ली घेतली होती." आणि हात-पाय धुवायला गेले. दहा वर्षांचा तो हिशेब बरोबर आहे, १७७१ मध्ये महादजी शिंदे वगैरे मंडळी पुन्हा दिल्लीत पोचली होती. महादजी पानिपतातूनच पाय कायमचा जायबंदी होऊन वाचले होते. पण मला त्या वेळी एवढंच कळलं, की आज मार बसणार नाही.

तुझी दुसरी शंका होती, की तिळगुळाच्या दिवशीच हे असं कसं. आजीसुद्धा म्हणते ना, "बिचाऱ्यांवर संक्रांत आली". पुष्कळ लोकांना वाटतं, पानिपतची लढाई ऐन संक्रांतीला झाली आणि म्हणून हा वाक्प्रचार आला. मलाही लग्नापर्यंत तसंच वाटायचं. पण हिशेब घालून बघ. संक्रांत ही सूर्याची गोष्ट, आणि पृथ्वीच्या अक्षाच्या संथ गिरकीमुळे ती इंग्रजी तारखेत साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, तो दिवस संक्रांतीचा होता. पानिपत त्याच्याही १०२ वर्षं मागे. म्हणजे १७६१ ची संक्रांत १४ च्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती, त्या उपाशी छावणीत. २०२४ ला आपण ती १५ तारखेला केली, आठवतं? तू सोमवारी शाळेत काळा ड्रेस घालून गेली होतीस.

संक्रांतीच्या खऱ्या जवळ आहे ते आबांचं १० तारखेचं निळं अक्षर. पानिपतच्या आदल्या वर्षी, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. जखमी दत्ताजींना अब्दालीला मिळालेल्या नजीबखानाच्या माणसाने विचारलं, "और लडोगे?" आणि त्यांनी उत्तर दिलं, "बचेंगे तो और भी लडेंगे", ही गोष्ट तू मराठी शाळेच्या नाटकात ऐकली आहेस. 'संक्रांत येणे' मात्र पंचांगातूनच आलं असावं असं मला वाटतं. पंचांगात संक्रांत ही एक देवी असते, दर वर्षी वेगळ्या वाहनावर येते. तिने जे नेसलं, जे खाल्लं ते महाग होणार, ती बघते त्या दिशेला संकट, असं मानायचे. माझी आजी दर वर्षी विचारायची, "यंदा बाई कशावर बसून आलीय?" म्हणून तर इतकं गोड बोलायचं.

आता ते 'आम्ही' आणि 'आपण'.

१४ च्या चौकोनातली दुसरी नोंद तू वाचली नाहीस, अक्षर फारच बारीक आहे. 'नामविस्तार १९९४'. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ ला झाला आणि त्यावरून मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. पंधरा वर्षं एका पाटीसाठी. आबांच्या जोडीला खांबावर चढणारे एक काका होते, नांदेडचे. त्यांनी एकदा आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुमची हार लिहिता, तर त्याच खणात आमची जीतपण लिहा की." आबांनी पेन त्यांच्याच हातात दिलं. पुढच्या वर्षीपासून आबा स्वतः लिहायला लागले. त्या काकांनी तेव्हा 'आमची' म्हटलं होतं. बरोबरच म्हटलं होतं.

१ तारखेचंही तसंच. १ जानेवारी १८१८ ला भीमा नदीकाठी कोरेगावात इंग्रजांची एक पलटण आणि पेशव्यांची फौज यांची दिवसभर लढाई झाली. त्या पलटणीत महार शिपाई पुष्कळ होते. तिथल्या स्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. बाबासाहेब १९२७ ला तिथे गेले आणि आता दर वर्षी लाखो माणसं जातात. पेशवाईचं शाळेत शिकलेलं कुणी म्हणेल, तिथे आपण इंग्रजांपुढे मागे हटलो. तिथे जाणारे म्हणतील, ज्या राज्यात आम्हाला माणूस म्हणून जागा नव्हती त्याच्यापुढे आम्ही उभे राहिलो. एकच नदी, एकच दिवस. मला विचारशील तर दुसरं म्हणणं मला पटतं. त्यावरून आबांशी माझी दोनदा भांडणं झालीत. तिसऱ्यांदा त्यांनी वाद घातला नाही. पेनाने लिहिलं.

आणि पानिपतातले 'आपण' तरी कोण? तोफखाना इब्राहिमखानाचा. तो शेवटपर्यंत भाऊंकडून लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पळणाऱ्यांना आसरा देणारी तिकडची गावं होती. हरियाणात रोड समाजाची माणसं स्वतःला त्यातूनच मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवतात आणि १४ जानेवारीला पानिपतजवळ काला आंबच्या स्मारकापाशी जमतात. त्यांना मराठी येत नाही. तुला ती येते, थोडी अडखळत का होईना, आणि तू स्टुटगार्टमध्ये दात घासत विचारतेस, आम्ही का हरलो.

सावित्रीबाईंच्या ३ तारखेबद्दल या वेळी लिहीत नाही, त्यांना वेगळं पत्र लागेल. फक्त एवढं, की खुर्द्याच्या मुलींना पाटी-पेन्सिल मिळाली ती त्यांच्यामुळे, आणि शाळेच्या वाटेवर अंगावर शेण झेलून त्यांनी ती दिली.

तू म्हणालीस, हरलेलं कोण लिहून ठेवतं? हिटलरच्या काळात मारल्या गेलेल्यांच्या आठवणीसाठी तुमच्या शाळेत २७ जानेवारीला काय करता ते आठव, आणि आपल्या बेकरीसमोर फुटपाथमध्ये बसवलेल्या त्या पितळी फरश्याही, ज्यांच्यावरची त्याच माणसांची नावं तू पाय न देता वाचतेस. ती हार नाही, ते कितीतरी वाईट आहे, दोन्हींची तुलना करू नकोस. पण बरं नसलेलंही लोक लिहून ठेवतात, हे तू रोज ब्रेड आणायला जाताना बघतेसच.

रविवारी आबांचा फोन येईल. ते म्हणतील, "या उन्हाळ्यात तिकडे नक्की येतो, विश्वास ठेव." चार वर्षं म्हणतायत. या वेळी तू शांतपणे म्हण, "आबा, विश्वास तर पानिपतात गेला." मग फोन कानापासून जरा लांब धर. ते हसायला लागले की खोकला येतो.

तुझी,
आई

ता.क. तिळाचे लाडू वरच्या फळीवरच्या निळ्या डब्यात आहेत. बावीस आहेत. मोजलेत.