‘पंचेचाळीस टक्केच उरलंय ना, मॅडम?’

रिपोर्ट खराब आलाय, पण डॉक्टरांकडे परत जायचा धीर होत नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्याच या काकू. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) साठीच्या जवळ आलेल्या, बीपीची गोळी जुनीच. जिना चढताना दम लागू लागला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला. त्यात ‘ईएफ ४५ टक्के’ आलं. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा म्हटलं होतं, तर काकूंनी रिपोर्ट कपाटात साड्यांखाली सारला. मुलीचं लग्न तोंडावर होतं.

माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. इकोचा विषय उठता उठता निघाला.

“निम्म्याच्या वर हृदय गेलं की हो. आता बायपास सांगतील, आणि हॉलचे पैसे तर भरून बसलोय.”

ईएफ म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतो, ते प्रमाण. धडधाकट माणसाचंही ते शंभर नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. एवढं सांगितल्यावर काकू खुलल्या आणि लगेच म्हणाल्या, “मग आता जायला नको ना?”

नुसता धीर दिला की हे असं होतं! आकडा कमी का झाला, बीपीमुळे, ब्लॉकेजमुळे की झडपेमुळे, हे मी नाही सांगू शकत. त्यासाठीच तर जायचं. अपॉइंटमेंटचा फोन त्यांना माझ्यासमोरच लावायला सांगितला. तोवर गोळी बंद करायची नाही. छातीत दाब आला, आडवं पडल्यावर श्वास कोंडला किंवा चक्कर येऊन पडल्या, तर तारखेची वाट न बघता १०८.

कागदावर दोनच प्रश्न लिहिले. हे कशामुळे झालं? आणि लग्नापर्यंत थांबता येईल का? दुसरा विचारायची त्यांना लाज वाटत होती. पण घरात लग्न आहे हे डॉक्टरांना कसं कळणार? सोबत जाऊबाई गेल्या, जुने ईसीजी आणि सगळ्या गोळ्या घेऊन.

डॉक्टर थांबा म्हणाले नाहीत. अँजिओग्राफी लग्नाआधीच झाली. मोठं ब्लॉकेज निघालं नाही, औषधं मात्र वाढली. “पाच मिनिटंसुद्धा बोलले नाहीत नीट,” हा काकूंचा राग अजून आहे. काही महिन्यांनी पुन्हा इको करायचाय, तर म्हणतात, “मुलीचं पहिलं माहेरपण होऊ दे, मग बघू.” त्याचाही फोन माझ्यासमोरच लावून घेतला.