जागेपणही स्वप्नच नसेल कशावरून?

प्रश्न : स्वप्न चालू असताना ते स्वप्न आहे हे कळत नाही. मग आत्ता जे दिसते आहे, तेही खोटे नसेल कशावरून? गेले काही महिने हा विचार पाठ सोडत नाही.

उत्तर : हीच शंका फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४१ मध्ये मुद्दाम शेवटपर्यंत ताणून पाहिली आणि शंका घेणारा मी तरी आहे, एवढे त्याच्या हाती उरले. इंद्रिये फसवतात, हे तर खरेच. दोन्ही हात समोर लांब करून अंगठे जोडून उभे धरा, डावा डोळा मिटा आणि उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच पाहत उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. साधारण १५ अंशांवर त्याचे टोक नाहीसे होते, आणि तिथे भोकही दिसत नाही, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या दृश्याने भरून काढतो.

पण ही फसगत आपल्याला कळली कशी? नजर जराशी वळवली की टोक पुन्हा दिसते, म्हणून. दोरीवर भासलेला साप खोटा ठरतो तोही उजेडात दोरी दिसल्यावरच. एक अनुभव खोटा ठरवायला दुसरा खरा धरावा लागतो. सगळेच खोटे म्हटले, तर खोटे ठरवायचे कशाच्या आधारे? जगाला अंतिम सत्य न मानणाऱ्या शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात जागृती स्वप्नासारखी नाही असेच सांगितले आहे, कारण स्वप्नातली वस्तू जाग येताच बाधित होते, म्हणजे खोटी ठरते, जागेपणी पाहिलेली वस्तू तशी ठरत नाही. यामुळे जग सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. मात्र ‘असेलही’ एवढ्यावरून ‘आहे’ म्हणता येत नाही, आणि शंकेलाही कारण लागते.

आपण ‘काही महिने’ लिहिले आहे, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. हा केवळ युक्तिवाद नसून भोवतालची माणसे काचेपलीकडची, परकी वाटू लागली असतील, तर तो वैद्यकाला परिचित असलेला अनुभव आहे. तीव्र चिंता आणि अपुरी झोप यांमुळेही तो येतो, आणि त्यावर उपचार होतात. तसे असेल, तर तत्त्वज्ञानाचे पुढचे पुस्तक उघडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, ही कळकळीची विनंती.