‘ईटीसी’ म्हणजे वगैरे, दुसरं काही नाही

प्रश्न असा आलाय: लिनक्सच्या क्लासमध्ये सांगितलं, की ‘/ईटीसी/आरसी.लोकल’ यातलं ईटीसी हे फोल्डर म्हणजे ‘एडिटेबल टेक्स्ट कॉन्फिगरेशन’ आणि आरसी म्हणजे ‘रन कंट्रोल’. हे खरं का? आणि संगणक सुरू होताना किरकोळ कामं उरकणाऱ्या या फाइलीला मराठीत काय म्हणावं?

नाही, खरं नाही. हे ‘एडिटेबल टेक्स्ट’ आता इतक्यांदा ऐकलंय की डोकं उठतं. लिनक्स ज्याच्या वळणावर बेतलंय त्या युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत याच ईटीसीत ‘इनिट’, ‘माउंट’, ‘क्रॉन’ हे चक्क प्रोग्रॅम ठेवलेले असत. एडिटरमध्ये उघडून बघा म्हणावं, काय टेक्स्ट दिसतं ते! आरसी आलं ‘रनकॉम’वरून. एमआयटीच्या सीटीएसएस या १९६० च्या दशकातल्या प्रणालीत फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीने चालवायची सोय होती, तिचं हे नाव. संपला विषय.

खरी गंमत ईटीसीची. दुसरीकडे कुठे न बसणाऱ्या फाइलींची ती जागा, म्हणून लॅटिन ‘एट सेटेरा’: एट म्हणजे आणि, सेटेरा म्हणजे उरलेलं. आता आपलं ‘वगैरे’ उसवा. अरबी ‘व’ म्हणजे आणि, ‘ग़ैर’ म्हणजे दुसरं. ‘आणि त्याखेरीज दुसरं’. लॅटिन आणि अरबी या एकमेकींच्या नात्यातल्या भाषा नव्हेत, तरी टाका तोच! गैरहजर, गैरसमज यांतलं गैरही हेच. क्लासमधल्या त्या फोडीत जे आहे, तेच.

भाषाशुद्धीवाले ‘वगैरे’ खोडून ‘इत्यादी’ लिहायला लावतात, ते मला मुळीच मान्य नाही. इत्यादी म्हणजे इति अधिक आदि, ‘हे ज्याच्या आरंभी आहे ते’. त्याचा रोख पहिल्यावर, वगैरेचा उरलेल्यावर. ‘चहा वगैरे घेणार का?’ असं विचारलं की पाहुण्याचे कान त्या वगैरेकडे असतात, कारण पोहे तिथे आहेत. ‘चहा इत्यादी’ विचारून बघा. पाहुणा अर्ज आणि दोन फोटो काढेल.

हां, फाइल राहिलीच. ‘प्रारंभिक संकीर्ण कार्य धारिका’ असलं काही पाडू नका. सातव्या आवृत्तीतली आरसी काय करायची? टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधला कालचा कचरा काढायची, आत कोण कोण आहे याची नोंदवही कोरी करायची, ठरल्या वेळी ठरलेली कामं करणाऱ्या क्रॉनला उठवून कामाला लावायची. सकाळी दार उघडल्यावर घरात जे चालतं तेच. मी तिला ‘झाडलोटीची फाइल’ म्हणतो. आणि आरसी.लोकल ही त्या घरापुरती झाडलोट. सगळं उरकल्यावर शेवटी, ज्याच्या त्याच्या रीतीने. कुणी तुळशीला पाणी घालतं, कुणी रेडिओ लावतं, वगैरे.