डेलच्या ऑप्टिप्लेक्स 7010 मध्ये (आय5-3470, 8 जीबी रॅम) कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल? बॉटलनेक किती येईल?

बॉटलनेकचं, म्हणजे प्रोसेसर मागे पडून कार्ड अडण्याचं, नंतर बघू. आधी झाकण काढा आणि पॉवर सप्लायवरचं स्टिकर वाचा. मिनी टॉवरमध्ये 275 वॉटचा असतो, बारक्या एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) केसमध्ये 240 चा. दोन्हींत कार्डासाठी 6 पिनची वायर नाही. म्हणजे कार्डाला मिळणार ते फक्त स्लॉटमधून, फार तर 75 वॉट.

यावर दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं, "साटाचा (हार्ड डिस्कच्या पॉवर वायरचा) कन्व्हर्टर लावा, चालतंय." अशाच सल्ल्याने आरएक्स 570 बसवलेलं एक 7010 टॉवर माझ्याकडे आलं होतं. विंडोज व्यवस्थित, यूट्यूब व्यवस्थित, गेम लोड झाला की खटकन बंद. कन्व्हर्टर ओढला तर निघेना. साटाच्या काळ्या प्लगची एक कड तपकिरी होऊन चिकटली होती. साटा प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपियर, म्हणजे 54 वॉट. कार्ड खातं 150. स्लॉटने पुरे 75 दिले तरी उरलेले 75 त्याच प्लगमधून जाणार. डेस्कटॉप दिसला म्हणून 'चालतंय' म्हणायचं नसतं, अर्धा तास गेम चालवून मग म्हणायचं.

तेव्हा जीटीएक्स 1050 टीआय, किंवा जीटीएक्स 1650. पण 1650 च्या काही मॉडेलांना 6 पिन लागते, म्हणून फोटोत कार्डाची वरची कड बघूनच घ्या. एसएफएफ असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच बसेल, आणि कार्डाची मागची आखूड धातूची पट्टी सोबत आहे का ते विचारा. आरएक्स 6400 फक्त 53 वॉट खातं, म्हणून मोह होतो. पण त्याला चारच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) आहेत. कार्ड पीसीआयई (स्लॉटची जोडणी) 4.0 चं, तुमच्या 3470 वर 3.0 मिळतं, म्हणजे त्या चार लेनचा वेगही निम्मा. दुसऱ्या पिढीचा आय5-2400 असता तर 2.0, मग पावच. शिवाय मदरबोर्डवर लांब स्लॉट दोन दिसतात, त्यातल्या एकाला आतून चारच लेन आहेत. मॅन्युअल बघून 16 लेनवाल्यात बसवा, आणि त्याआधी मदरबोर्डचं बायॉस (सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

मॉनिटर जुना व्हीजीएवाला असेल तर या कार्डांतून ॲनालॉग सिग्नल येत नाही. डीव्हीआयला लावायचा साधा जोड कामाचा नाही, एचडीएमआय ते व्हीजीए ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या.

बॉटलनेक? ऑनलाइन कॅल्क्युलेटरवाले टक्के विसरा. चार कोर, चार थ्रेड. नव्या गेममध्ये प्रोसेसरच आधी दमणार, कार्ड कितीही भारी घ्या. रॅमची 8 जीबीची एकच पट्टी असेल तर तिला जोडीदार द्या, तेवढ्याने फरक दिसेल.

हे सगळं ब्रँडेड मशीनचं. असेंबल्ड असेल तर सरळ चांगला पॉवर सप्लाय घ्या, ही कसरत नको. डेलच्याच ऑप्टिप्लेक्स 9020 मध्ये मात्र पॉवर सप्लाय बदलणंही सरळ नाही, तिथे मदरबोर्डचा मुख्य कनेक्टर 24 ऐवजी 8 पिनचा आहे.

आणि हो, सेकंडहँड 1050 टीआयमध्ये जुन्या कार्डाचं बायॉस बदलून विकलेले नग फिरतात. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, 768 शेडर (कार्डाचे छोटे कोर) दिसले पाहिजेत.